सोल्डर धरत नाही! बिनशिशाच्या पितळी फिटिंगच्या लाइनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर आमच्या रबाळ्याच्या युनिटला आयटीआयची तीन मुलं अप्रेंटिस म्हणून आली, त्यातल्या एकाने चौथ्याच दिवशी विचारलं, मॅडम, पितळ ते पितळच ना, त्यातलं शिसं काढलं तर एवढं काय बदलतं? मी टर्नर ट्रेड करून या लाइनमध्ये आले तेव्हा मलाही अगदी असंच वाटायचं, आणि ते डोक्यात शिरायला दीड वर्ष आणि एक अख्खी रिजेक्ट झालेली लॉट लागली. त्या मुलाला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितेय, ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वागळे, रबाळे, महापे, तुर्भे कुठेही या कामाला लागणार असाल तर उपयोगी पडेल.

आधी शिसं कशाला घालतात ते. आपण आयटीआयला जो फ्री कटिंग ब्रासचा रॉड मारतो त्यात साधारण अडीच-तीन टक्के शिसं असतं. ते पितळात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं आत पसरून राहतं, त्यामुळे टूल लागलं की चिप तुटून भुकटीसारखी पडते, टूलला वंगण मिळतं, ऑटोमॅटवर (आपोआप चालणाऱ्या लेथवर) दिवसभर माल काढा, त्रास नाही. पण हेच शिसं नळातल्या पाण्यात उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याने अपाय होतो, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमधून ते काढायचं. अमेरिकेत 1986 च्या कायद्यात 8 टक्क्यांपर्यंत शिसं असलेलं फिटिंग पण "लेड फ्री" म्हणून खपायचं, 4 जानेवारी 2014 पासून ती मर्यादा 0.25 टक्के झाली, आणि ती पण पाणी लागणाऱ्या पृष्ठभागाची वेटेड सरासरी धरून. म्हणजे समजा व्हॉल्व्हच्या बॉडीत 0.1 टक्के शिसं आहे आणि ओल्या भागातला 80 टक्के भाग तिचा आहे, उरलेला 20 टक्के भाग स्टेमचा, म्हणजे आतल्या दांड्याचा, आणि त्यात 0.5 टक्के, तर 0.08 अधिक 0.10, झालं 0.18, पास. सोल्डर (वितळवून जॉइंट भरायचा मिश्रधातू) आणि फ्लक्स (त्याआधी धातू साफ करायला लावतात तो लेप) यांना मात्र 0.2 टक्क्यांची वेगळी मर्यादा आहे. एक्सपोर्टच्या कंपनीत जाणार असाल तर हा हिशोब कागदावर करता आला पाहिजे, मला माझ्या दुसऱ्या इंटरव्ह्यूला हाच विचारला होता.

शिसं काढलं की त्याच्या जागी बहुतेक करून बिस्मथ घालतात नाहीतर सिलिकॉन. बिस्मथ शिशासारखंच वागतं, मशिनिंग छान होतं, पण ते 271 डिग्रीलाच वितळतं आणि गरम असताना पितळ ठिसूळ होतं, वर त्याची चिप चुकून साध्या पितळाच्या भंगारात गेली तर पुढची अख्खी भट्टी खराब. आमच्याकडे सिलिकॉनवालं चालतं, तांबं 75 टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन 3, बाकी जस्त. मजबूत आहे, पाण्यात त्याचं जस्त सहजासहजी निघून जात नाही, टूल जरा जास्त खातं इतकंच. हे सगळं मशिनवर दोन महिन्यांत जमतं. खरी अडचण पुढे सोल्डरिंगला येते आणि ती आपल्याला कोणी शिकवत नाही, कारण आपल्याकडे घरात नळ म्हणजे जीआय नाहीतर सीपीव्हीसी, तांब्याचा पाइप झाळून लावलेला आपण बघितलेलाच नसतो.

तर तो जॉइंट असा असतो. फिटिंगच्या सॉकेटमध्ये तांब्याचा पाइप जातो, दोघांत फट साधारण 0.05 ते 0.12 मिलिमीटर, फ्लक्स लावायचा, गरम करायचं, तोंडाशी सोल्डरची तार टेकवायची की सोल्डर त्या फटीत स्वतःहून ओढलं जातं, फट उलटी वर असली तरी चढतं. जुनं अर्धं कथील अर्धं शिसं असलेलं सोल्डर 183 डिग्रीपासूनच वितळायला लागायचं, आता 95 टक्के कथील 5 टक्के अँटिमनीवालं 232 ते 240 ला वितळतं, म्हणजे फिटिंग जास्त तापवावं लागतं. आणि सिलिकॉनचं पितळ तापलं की त्यातला सिलिकॉन हवेतला ऑक्सिजन पकडून वर काचेसारखा पातळ थर करतो. फ्लक्स तांब्याचा ऑक्साइड खाऊन टाकतो, जस्ताचा पण खातो, पण हा थर साध्या फ्लक्सला दाद देत नाही. सोल्डर पसरायच्या ऐवजी अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन घरंगळतं.

कल्हईवाला आठवतोय का कोणाला? आमच्या कळव्याच्या चाळीत मी लहान असताना यायचा, अंगणात खड्डा, भाता, पातेलं तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाने एका झटक्यात सगळं पातेलं चांदीसारखं. तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आमच्या फ्लक्सच्या डब्यावर जस्ताच्या क्लोराइडसोबत तेच नाव छापलेलं असतं. कथील धरण्याआधी धातू स्वच्छ झाला पाहिजे आणि तापेपर्यंत स्वच्छ राहिला पाहिजे, तो माणूस तेच करत होता, मला हे बेंचवर उभं राहिल्यावर वीस वर्षांनी लक्षात आलं.

आता ती रिजेक्ट लॉट. मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत होते, नाव नाही घेत. सॉकेटवालं एल्बो होतं, फोर्जिंग करून, बोअर (आतलं भोक) फिनिश करून, मग स्ट्रेस रिलीव्हला, म्हणजे धातूतला ताण घालवायला, भट्टीत अडीचशे-तीनशे डिग्रीला घातलं, कारण साध्या पितळाला वर्षानुवर्षं तसाच क्रम होता आणि प्रोसेस शीट मीच कॉपी केली होती. माल बाहेर आला तेव्हा चकचकीत, माप तपासायचा गो नोगो गेज ओके, धातूत काय किती आहे ते क्ष-किरणांनी सांगणाऱ्या एक्सआरएफ गनवर शिसं ओके. दोन महिन्यांनी कस्टमरकडून फोटो, जॉइंट गळतोय. आम्ही स्टोअरमधले उरलेले दहा पीस झाळले, बाहेरून रिंग एकदम सुंदर, सगळे म्हणाले कस्टमरच्या प्लंबरला येत नसेल. मग टूलरूमच्या काकांनी एक जॉइंट व्हाइसमध्ये धरला, हॅकसॉने उभा चिरला आणि पाइपचा अर्धा भाग पक्कडने सोलून काढला. तोंडाशी दोनेक मिलिमीटर सोल्डर, आणि आत पिवळं धम्मक कोरडं पितळ, फक्त जळलेल्या फ्लक्सचे काळे ठिपके. काका काही बोलले नाहीत, तो तुकडा माझ्या हातात दिला आणि चहाला गेले. तो तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन मुलांना पहिल्या दिवशी तोच दाखवते.

भट्टीने तो काचेचा थर बोअरमध्ये आधीच चढवून ठेवला होता, एवढीच चूक. उपाय पण साधा निघाला, स्ट्रेस रिलीव्ह आधी, बोअरचा शेवटचा कट नंतर, म्हणजे सॉकेटला ताजा धातू मिळतो. आताच्या कंपनीत त्यावर सॉकेटला कथलाचं पातळ प्लेटिंग पण करतो, एक प्रकारची कल्हईच, सिलिकॉन हवेच्या वाटेलाच जात नाही आणि प्लंबरने थोडं कमीजास्त तापवलं तरी जॉइंट भरतो. फक्त प्लेटिंग 5 मायक्रॉन असेल तर व्यासात 10 मायक्रॉन कमी होतात, ते बोअरच्या ड्रॉइंगमध्ये आधी धरा नाहीतर पाइप बसणार नाही. प्लेटिंगच्या ऐवजी काही जण फ्लोराइड असलेल्या ॲसिडमध्ये पिकलिंग करून, म्हणजे बुडवून, तो थर काढतात, तिथे मात्र हौशीने हात घालायला जाऊ नका. ते ॲसिड लागताना फारसं दुखत नाही आणि आत हाडापर्यंत जातं, त्या शॉपमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल भिंतीवर दिसलं नाही तर काम सुरू करायच्या आधी मागा, नवीन आहात म्हणून गप्प बसू नका.

झाळताना हाताला लावून घ्यायच्या सवयी सांगते. हे पितळ उष्णता साध्या पितळापेक्षा खूप हळू पुढे नेतं, ज्योत एका जागी धरली की तिथेच फ्लक्स जळतो आणि पलीकडची बाजू थंडच, म्हणून आधी पाइप तापवा, मग फिटिंगभोवती ज्योत फिरवत राहा, आणि सोल्डर ज्योतीने नाही तर धातूच्या उष्णतेने वितळलं पाहिजे. आणि जॉइंट गार झाला की फ्लक्स ओल्या फडक्याने पुसा, लगेच पुसा. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यात साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, इंग्रजीत त्याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. तबेल्यातल्या अमोनियाने ताणाखालचं पितळ फुटत होतं हे 1921 मध्ये सिद्ध झालं. राहिलेल्या फ्लक्समध्ये नवसागर, म्हणजे अमोनियाचंच संयुग, असतो आणि नवी मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा तुम्हाला माहितीच आहे.

मशिनवर असाल तर शिशाच्या रॉडवरून बिनशिशाच्यावर येताना चिप ट्रे, कूलंट, कोलेट (रॉड पकडणारा भाग) सगळं साफ करा, 0.25 च्या हिशोबात जुनी भुकटी पण मोजली जाते. चिपचे डबे वेगळे ठेवा, इंटरव्ह्यूला गेलात की शॉपमध्ये एक चक्कर मारायला मागा आणि डबे वेगळे आहेत का तेवढं बघून या. शिशाच्या सेक्शनमध्ये काम केलंत तर वडापाव खायच्या आधी हात साबणाने धुवा, आणि तो शॉपचा शर्ट घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान बाळाच्या कपड्यांत, धुवायला टाकू नका.

शिक्षणाचं थोडक्यात. आयटीआयनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, मी तसंच केलं, दिवसा कॉलेज आणि सुट्टीत काम, कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकल पकडायची. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेचं बी 828 म्हणून सोल्डर जॉइंटच्या पद्धतीचं स्टँडर्ड आहे, ते बसून शब्दकोश घेऊन वाचा, फार मोठं नाही. आणि शनिवारी शिफ्ट संपल्यावर सुपरवायझरला विचारून रिजेक्ट पीस आणि पाइपचे तुकडे घ्या, पाच जॉइंट झाळा आणि पाचही चिरून बघा. माझे पहिले पाचही आतून कोरडे होते, सहाव्या शनिवारी पहिला पूर्ण भरलेला निघाला.