भूस्थिर उपग्रह दुरुस्त करायला निघालात? या चुका टाळा

सिम्युलेशन शिकायला आलेल्या प्रत्येक नवशिक्याची पहिली चूक मला आता पाठ झाली आहे. उपग्रह समोर दिसला की थ्रस्टर (यानाचं छोटं इंजिन) दाबून सरळ त्याच्याकडे सुटायचं. कक्षेत पुढे जोर लावला की आपली कक्षा उंचावते, फेरी लांबते आणि आपण मागे पडतो. ३५,७८६ किमी उंचीवर, म्हणजे भूस्थिर कक्षेत, वेग सेकंदाला फक्त १० सेंमीने वाढवा, एका फेरीनंतर, म्हणजे दिवसाभरात, तुम्ही जवळपास २६ किमी मागे असाल. सुरुवातीची काही मिनिटं मात्र सगळं सरळ रेषेत चाललंय असंच वाटतं. मीही फसलोय. सिम्युलेशन चालू ठेवून झोपलो, सकाळी पडद्यावर उपग्रहच नव्हता! आता मी वाटेत थांबे ठरवतो आणि ‘इथे इंजिन बंद पडलं तर धडकू की निसटू?’ हे प्रत्येक थांब्यावर तपासतो. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची: आराखड्यावर आंधळा विश्वास. एप्रिल १९८४ मध्ये अंतराळवीर जॉर्ज नेल्सन सूर्याचा अभ्यास करणाऱ्या, बिघडलेल्या ‘सोलर मॅक्स’ उपग्रहाला पकडायला गेले. तीनदा प्रयत्न केला, पकड बसेना. आडवं आलं होतं आराखड्यात न दाखवलेलं एक चिमुकलं ग्रॉमेट, म्हणजे आवरण अडकवायची कडी. मग त्यांनी सौर पॅनेल हाताने धरलं, तर उपग्रह आणखीच गडगडायला लागला. जमिनीवरच्या चमूने उपग्रहातल्याच, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेणाऱ्या चुंबकीय दांड्यांनी त्याला शांत केलं आणि दोन दिवसांनी शटलच्या यांत्रिक हाताने तो पकडला. ही सोय खालच्या कक्षेतली. भूस्थिर कक्षेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या शेकडो पटींनी क्षीण. म्हणून मी आराखडा बाजूला ठेवून उड्डाणाआधीचे शेवटचे फोटो मागतो.

‘माणूस पाठवू’ म्हणणाऱ्यांनी हबल दुर्बिणीचा दाखला देऊ नये. त्याच्या पाचही दुरुस्त्या सहाशे किमीच्या आसपास झाल्या.

डॉकिंगची (दुसरं यान जोडायची) खाच शोधत बसू नका, बहुतेक जुन्या उपग्रहांना ती नाहीच. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ या सेवा-यानाने इंटेलसॅट ९०१ या दळणवळण उपग्रहाच्या इंजिनाच्या नळकांड्यात दांडा घालून पकड घेतली, तीही आधी त्याला भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३०० किमी वर, इतर उपग्रहांपासून दूर नेऊन. काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला आवडला. भूस्थिर कक्षेतच जोडणी करायचं धाडस एमईव्ही-२ ने पुढच्या वर्षी केलं.

आणि इंधनाची झडप? ती जमिनीवर इंधन भरून झाल्यावर तारेने बांधून, उष्णतारोधक आवरणाखाली झाकलेली असते. नुसती नळी घेऊन गेलात तर उघडणार कशाने?