परदेशातलं स्थळ आणि संस्थेच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र

नागपुरात धरमपेठ, सीताबर्डीकडच्या एखाद्या विवाहसंस्थेत परदेशातलं स्थळ बघायला गेलात, तर भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं जवळ जाऊन वाचा. शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणी असेल तर धंदा नोंदवलाय, एवढंच त्यातून कळतं. आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. मुलाची माहिती खरी आहे याची ते हमी देत नाही. नीतिनियम पाळत असल्याचा वेगळा शिक्का दिसला, तर तो कोणी दिला, तपासायला कोण आलं होतं, तक्रार आली तर काढून घेतात का, हे सरळ विचारा. संस्थेनं स्वतःच स्वतःला दिलेल्या शिक्क्याला माझ्या लेखी किंमत नाही.

स्थळ अमेरिकेतलं असेल तर तिथला विवाह-मध्यस्थांवरचा २००५ चा कायदा (इम्ब्रा) चांगली मोजपट्टी आहे. आंतरराष्ट्रीय विवाह-मध्यस्थाला मुलाचं नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदींत शोधावं लागतं, त्याची आधीची लग्नं आणि गुन्हे मुलीला तिच्या भाषेत कळवावे लागतात. तिची लेखी संमती मिळेपर्यंत तिचा फोन-पत्ता पुढे देता येत नाही. ना-नफा चालणारी पारंपरिक मंडळं यातून वगळली आहेत, म्हणून ओळखीच्या मंडळातही संकोच नको: "काका, आमच्या सहीशिवाय मुलीचा नंबर कुणाला देणार नाही, एवढं लिहून द्या." टाळाटाळ झाली तर फी भरू नका. ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील, तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.