१०९९ भरताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या छोट्या धंदेवाल्यांचा शेड्यूल सी (धंद्याचा नफा-तोटा दाखवायचा कराचा फॉर्म) बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच ओळीवर. बँकेत जमा झालेला आकडा तिथे तसाच टाकला जातो.

समजा, वर्षभरात कार्डावर ४८,००० डॉलरची विक्री झाली. प्रोसेसरने १,४०० फी कापली, ६०० गिऱ्हाइकांना परत गेले, खात्यात आले ४६,०००. पण १०९९-के, म्हणजे प्रोसेसर देतो तो वर्षभराच्या जमेचा फॉर्म, निघतो ४८,००० चाच, कारण त्यात कापाकापीच्या आधीची रक्कम असते. त्याची प्रत आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडेही जाते. तुमच्या रिटर्नवर ४६,००० दिसले की आकडे जुळत नाहीत अशी सीपी२००० नोटीस येऊ शकते, आणि २,००० डॉलरच्या फरकासाठी वर्षभराची स्टेटमेंट्स उपसत बसायचं. कर मुळात एका पैशानेही बदलत नव्हता! लाइन १ वर ४८,०००, लाइन २ वर परतावे ६००, फी लाइन १० वर. झालं.

फॉर्म आला नाही म्हणून उत्पन्न लपत नाही. रोख आणि चेकसुद्धा दाखवायचे.

दुसरं दुखणं डब्ल्यू-९ चं, म्हणजे कंत्राटदाराकडून त्याचं नाव आणि कर-क्रमांक लिहून घ्यायच्या फॉर्मचं. लोक तो जानेवारीत मागतात. काम संपलेलं, पैसे दिलेले. आता तो माणूस फोन कशाला उचलेल? डब्ल्यू-९ हातात पडल्याशिवाय पहिला चेक लिहायचाच नाही, कितीही ओळखीचा असो. कर-क्रमांक न देणाऱ्याच्या रिपोर्ट करण्याजोग्या रकमेतून २४ टक्के कापून भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना हे नंतरच कळतं.

कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचा फॉर्म १०९९-एनईसी; त्याची मर्यादा २०२५ पर्यंत दिलेल्या पैशांना ६०० डॉलर, २०२६ पासून दिलेल्यांना २,०००. मुदत ३१ जानेवारी. रक्कम मर्यादेखाली असली तरी खर्च म्हणून वजा होतेच.

कार्डाने दिलेले पैसे एनईसीमध्ये धरू नका, त्यांचा हिशेब प्रोसेसर देतो. झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) दिलेले मात्र धरा. झेल १०९९-के काढत नाही. इथे बरेच जण नेमकं उलटं करतात.

वकिलाची कंपनी कॉर्पोरेशन असली तरी तिच्या फीचा १०९९ लागतो.

शेड्यूल सीच्या वरच्या भागात आय आणि जे असे दोन प्रश्न आहेत: १०९९ भरावे लागतील असे पैसे दिले का, आणि दिले असतील तर ते भरले का किंवा भरणार का. सॉफ्टवेअरमध्ये ‘पुढे, पुढे’ दाबत सुटणारे पहिल्याला ‘नाही’ म्हणतात, आणि खाली लाइन ११ वर कंत्राटी मजुरीचे १८,००० डॉलर लिहितात.