शेजाऱ्याला फोन करायचा राहून गेला: ग्रीडच्या सीमेवर या चुका टाळा

४ नोव्हेंबर २००६ ची रात्र. जर्मनीत पापेनबुर्गच्या गोदीतून ‘नॉर्वेजियन पर्ल’ हे नवंकोरं प्रवासी जहाज एम्स नदीतून समुद्राकडे जायचं होतं. नदीवरून ३८० केव्हीची दुहेरी लाइन जाते. एवढं उंच जहाज खालून न्यायचं तर लाइन बंद ठेवावी लागते. असं शटडाऊन तिथे पूर्वीही घेतलं गेलं होतं. त्या रात्री मात्र १० वाजून १० मिनिटांनी युरोपच्या ग्रीडचे, म्हणजे देशोदेशींना जोडणाऱ्या वीजजाळ्याचे, तीन तुकडे पडले आणि सुमारे दीड कोटी घरांतली वीज गेली.

दोष जहाजाच्या माथी मारणं सोपं आहे. खरा घोळ फोनवर झाला.

वेळ बदलली, निरोप मागे राहिला

शटडाऊन मुळात मध्यरात्रीनंतर एक वाजता ठरलं होतं. शेजारचं ग्रीड चालवणाऱ्या आरडब्ल्यूई कंपनीला आणि नेदरलँड्सच्या टेनेट कंपनीला ते माहीत होतं, त्यांचं गणितही झालं होतं. मग गोदीने आदल्या दिवशी विचारलं, ‘तीन तास आधी जमेल का?’ लाइनची मालक ई-ऑन नेट्झ ‘जमेल’ म्हणाली. शेजाऱ्यांना हे कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, म्हणजे नव्याने ठरलेल्या वेळेच्या तीनच तास आधी. तोवर त्या रात्रीचे विजेचे सौदे पक्के झालेले, ते मोडता येणार नव्हते.

शटडाऊनची वेळ सरकली की जुना अभ्यास रद्द समजावा आणि परवानगी नव्याने घ्यावी. रात्री एकचा लोड (विजेचा भार) वेगळा, दहाचा वेगळा.

‘आत्ता तर सगळं ठीक दिसतंय’

लाइन बंद करण्याआधी ई-ऑनच्या कंट्रोल रूमने त्या घडीचा लोड फ्लो, म्हणजे कुठल्या लाइनवरून किती वीज वाहतेय ते, पाहिलं. मात्र ‘यानंतर आणखी एक लाइन गेली तर?’ हा एन-मायनस-वनचा हिशेब आकड्यांनिशी केला नाही, अंदाजावर भागवलं. स्क्रीनवर लाल काही नाही म्हणजे ग्रीड सुरक्षित, असं धरून चालणं ही शिफ्टमधली सगळ्यात आरामाची आणि सगळ्यात महागात पडणारी सवय.

एका लाइनची दोन टोकं, दोन आकडे

हा मुद्दा मला सगळ्यात बोचतो. लांडेसबेर्गन ते वेहरेनडोर्फ या लाइनचं एक टोक ई-ऑनकडे, दुसरं आरडब्ल्यूईकडे. ई-ऑनच्या टोकाला प्रोटेक्शन (प्रवाह फार वाढला की लाइन आपोआप तोडणारी यंत्रणा) ३००० अँपिअरला चालणारं, आरडब्ल्यूईच्या टोकाला २१०० ला. म्हणजे लाइनची खरी मर्यादा कमी आकड्याची, आणि ई-ऑनचा ऑपरेटर डोक्यात मोठा आकडा घेऊन बसलेला. आरडब्ल्यूईने पावणेदहाच्या सुमारास आपली १७९५ अँपिअरची सुरक्षित मर्यादा फोनवर सांगितली होती, तरी तिचं गांभीर्य पोचलं नाही.

प्रवाह वाढू लागला तेव्हा लांडेसबेर्गनला बसबार (उपकेंद्रातल्या, लाइनी जिथे जोडतात त्या वाहक पट्ट्या) जोडून तो ८० अँपिअरने उतरेल असा अंदाज बांधला गेला. घाई इतकी की त्यावर आरडब्ल्यूईशी बोलणंही झालं नाही. प्रवाह उतरायचा सोडून ६७ ने वाढला आणि दोन सेकंदांत लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. पुढे लाइनीमागून लाइनी गेल्या, पार दक्षिणेपर्यंत. हद्दीवरच्या प्रत्येक लाइनच्या दोन्ही टोकांचं सेटिंग एकाच कागदावर, दोन्ही कंट्रोल रूममध्ये चिकटवलेलं असावं. त्याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही.

फोन केला, पण मागितलं थोडं

तीन वर्षं आधीची इटलीची गोष्ट. २८ सप्टेंबर २००३, पहाटे ३:०१. स्वित्झर्लंडमधली लुकमानिअर लाइन झाडाच्या फार जवळ आल्याने ठिणगी पडून ट्रिप झाली. ती परत जोडायचे प्रयत्न फसले, कारण दोन टोकांतला फेज कोन (दोन्हीकडच्या विजेच्या लहरींतलं अंतर) ४२ अंशांवर गेलेला. तिचा भार सान बर्नार्डिनो लाइनवर आला. ती तसा भार पंधरा मिनिटंच सोसू शकत होती.

३:११ ला स्विस कंट्रोल रूममधून इटलीला फोन गेला आणि आयात ३०० मेगावॉटने घटवायची विनंती झाली. ३:२१ ला तशी घट झालीही. ती पुरी पडली नाही. ३:२५ ला ही दुसरी लाइनही झाडामुळे ट्रिप झाली. मग इटलीला जोडणाऱ्या सगळ्या लाइनी तुटल्या आणि सार्डिनिया बेट वगळता देश अंधारात गेला. स्विस कंट्रोल रूमच्या यादीत या प्रसंगासाठी लिहून ठेवलं होतं: इटलीतले पाणी वर चढवणारे पंप बंद करायला सांगा. ते पंप त्या क्षणी चालू होते. म्हणून कुठली लाइन गेली, किती मिनिटं हातात आहेत आणि किती मेगावॉट हवेत, हे तिन्ही पहिल्याच वाक्यात सांगावं आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यावं.

तुकडे पडल्यावरची गडबड

आपण कोणत्या बेटात, म्हणजे ग्रीडच्या कोणत्या सुट्या तुकड्यात, आहोत हे आधी ओळखा. २००६ मध्ये पश्चिमेकडे फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तनं, एरवी ५० हर्ट्झ; वीज कमी पडली की उतरते) ४९ हर्ट्झपर्यंत उतरली, ईशान्येकडे उलट ती चढलेली. ईशान्येत सुटलेल्या पवनचक्क्या आपसूक पुन्हा जोडल्या गेल्या आणि आधीच जास्त असलेली वीज आणखी वाढली. पश्चिमेत काही वितरकांनी परस्पर ग्राहक जोडायला घेतले. ग्रीड ३८ मिनिटांत पुन्हा एक झालं, पण या आगाऊपणाने काम अवघड केलं होतं.

उधारी साचू देणं

सगळ्याच चुकांत दिवे जात नाहीत. २०१८ च्या जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सर्बिया-कोसोवो वादात ११३ गिगावॉट-तास वीज ग्रीडमध्ये कमी पडली. सरासरी फ्रिक्वेन्सी ५० च्या किंचित खाली राहिली आणि जोडलेल्या देशांतली, या फ्रिक्वेन्सीवर चालणारी ओव्हनवरची घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली. रोजची तूट रोज भरली नाही तर ती दुसऱ्याच्या भिंतीवर दिसते.

आपल्याकडची ३० जुलै २०१२ ची पहाट आठवा. बिना-ग्वाल्हेर मार्गावरची एक सर्किट अद्ययावत करण्यासाठी बंद होती, पश्चिमेकडून उत्तरेकडे ओढ जबर, आणि २ वाजून ३३ मिनिटांनी उरलेली ४०० केव्हीची सर्किटही गेली. इथे देशांची सीमा नव्हती, दोन विभागांची होती. तरी शटडाऊन घेताना शेजारच्या विभागाने किती कमी ओढायचं, हा प्रश्न एम्सकाठचाच. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही विभाग बंद पडले.