पीएफसेन्स-ओपीएनसेन्समध्ये नवं पॅकेज हवंय? मागणी कशी टाकायची ते बघा

"प्लीज अ‍ॅड अमुक पॅकेज, व्हेरी युजफुल." अशा एका ओळीच्या रिक्वेस्टी वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात आणि मग लोक म्हणतात डेव्हलपर सामान्य माणसाकडे बघतच नाहीत. बघतात हो, पण त्या ओळीत त्यांनी करायचं काय हेच लिहिलेलं नसतं. ऑफिसात, सोसायटीत किंवा घरी जुन्या पीसीवर पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स या फायरवॉल सिस्टीम, म्हणजे नेटच्या दारावरचे पहारेकरी, चालवणारे आपल्याकडे बरेच आहेत, आणि कधी ना कधी प्रत्येकाला वाटतंच की च्यायला हे एवढं एक पॅकेज, म्हणजे वरून जोडायची सोय, असतं तर काम झालं असतं. तर ते मागायचं कसं, हे जरा नीट सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा: फायरवॉलचं पॅकेज म्हणजे नुसतं ते सॉफ्टवेअर नाही. दोन्ही सिस्टीम फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उभ्या आहेत आणि फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरच्या कोठारात, तीस हजारांच्या वर सॉफ्टवेअर पडलेली आहेत, त्यातलं एखादं उचलून इन्स्टॉल करणं हे दहा मिनिटांचं काम. खरी मेहनत त्याच्यावरच्या थराची असते. पीएफसेन्समध्ये सगळ्या सेटिंग कॉन्फिग डॉट एक्सएमएल नावाच्या एकाच फाइलमध्ये राहतात, म्हणजे पॅकेजने आपल्या सेटिंग तिथे ठेवायच्या, तिथून वाचून मूळ सॉफ्टवेअरची कॉन्फिग फाइल दरवेळी नव्याने तयार करायची, वेबवर त्याची पानं दाखवायची, सर्व्हिस चालू-बंद करायची, बॅकअप रिस्टोअर केला की सगळं जसंच्या तसं परत यायला पाहिजे, आणि दोन फायरवॉल जोडीने चालवत असाल तर दुसऱ्यावरही ते सिंक व्हायला पाहिजे. शिवाय हे नुसतं इंटेलवर चालून भागत नाही, पीएफसेन्स बनवणाऱ्या नेटगेट कंपनीचे काही छोटे डबे एआरएम प्रोसेसरवाले आहेत, तिथेही बिल्ड व्हायला हवं. आणि हे एकदा करून सुटका नाही, प्रत्येक नव्या व्हर्जनला परत तपासायचं. म्हणजे तुम्ही पॅकेज मागता तेव्हा खरं तर कुणाची तरी पुढची काही वर्षं मागत असता, त्यामुळे समोरचा हो म्हणायला कचरतो यात नवल नाही.

कचरायला कारणंही झालीयत. वायरगार्ड या व्हीपीएनचं घ्या: फेब्रुवारी 2021 मध्ये पीएफसेन्स 2.5.0 सोबत ते आलं, लोक खूश, आणि मग त्या कर्नलमधल्या कोडच्या दर्जावरून एवढं वादळ उठलं की 2.5.1 मध्ये ते काढूनच टाकलं. नंतर वेगळं पॅकेज म्हणून परत आलं. त्याच्या आधी 2016 ला 2.3 आलं तेव्हा पॅकेजची सगळी यंत्रणा आणि वेबचा चेहरा दोन्ही बदललं, आणि ज्या जुन्या पॅकेजना कुणी वाली नव्हता ती तिथेच गळाली. स्क्विड या वेब प्रॉक्सीचं तर आपल्याकडे बऱ्याच जणांना लागलं असेल, कारण ऑफिसात साइट ब्लॉक करायच्या म्हणजे स्क्विड आणि स्क्विडगार्ड हे ठरलेलंच होतं. मूळ स्क्विडमधल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत म्हटल्यावर 2023 मध्ये नेटगेटने ते पॅकेज बंद करायच्या वाटेला लावलं.

आता मागणी टाकायच्या आधीचा अभ्यास. पहिला प्रश्न, हे फायरवॉलवर चालवायचंच कशाला? वर्षानुवर्षं मागितलं जाणारं एक म्हणजे युनिफाय कंट्रोलर, युनिफायचे वायफाय डबे सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याला जावा लागतं, मोंगोडीबी लागतं, आणि हे सगळं तुम्ही कुठे ठेवताय तर ज्या मशीनवर अख्ख्या ऑफिसच्या नेटची सुरक्षा आहे तिथे. मला विचाराल तर नाही, शेजारी एक छोटं मशीन नाहीतर व्हीएम ठेवा आणि मोकळे व्हा. दुसरं कायमचं गिऱ्हाईक पाय-होल, जाहिराती अडवणारं. ते लिनक्ससाठी लिहिलेलं आहे, फ्रीबीएसडीवर ते तसं चालत नाही, त्यामुळे ती मागणी टाकायच्या आधीच संपलेली असते, आणि जाहिराती अडवायचं काम पीएफसेन्समध्ये पीएफब्लॉकरएनजी पॅकेजचं डीएनएसबीएल (डीएनएसची ब्लॉकलिस्ट) आधीच करतं, ओपीएनसेन्समध्ये तर अनबाउंड या डीएनएस सर्व्हरच्या आतच ब्लॉकलिस्ट आहेत. म्हणून नाव मागू नका, काम मागा. "पाय-होल द्या" म्हटलं की उत्तर नाही असतं, "ऑफिसात जाहिराती आणि ट्रॅकर डीएनएसवरच अडवायचेत" म्हटलं की उत्तर आहे, आणि तेही आत्ता.

मग बघा आधीच आहे का. पीएफसेन्समध्ये सिस्टीम, पॅकेज मॅनेजर, अव्हेलेबल पॅकेजेस. ओपीएनसेन्समध्ये सिस्टीम, फर्मवेअर, प्लगइन्स. ओपीएनसेन्सच्या नव्या व्हर्जनमध्ये एक गंमत आहे, कम्युनिटी प्लगइन दाखवायचा चौकोन टिक केल्याशिवाय अर्धी यादी दिसतच नाही, आणि लोक नसलेलं समजून मागणी टाकून मोकळे होतात. यादीत नाव वेगळंही असू शकतं, उदाहरणार्थ पीएफसेन्समध्ये ट्रॅफिक मोजणारं व्हीएनस्टॅट शोधाल तर सापडणार नाही, कारण ते स्टेटस ट्रॅफिक टोटल्स या नावाखाली बसलंय.

नसेल तर फ्रीबीएसडी पोर्ट्समध्ये शोधा, फ्रेशपोर्ट्स नावाच्या साइटवर नाव टाकलं की कळतं. इथे तीन गोष्टी बघायच्या: पोर्ट आहे का, शेवटचा अपडेट कधीचा आहे, आणि मेंटेनरच्या, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या, जागी खरा माणूस आहे की ते बेवारस आहे. पोर्टच नसेल तर फायरवॉलवाल्यांकडे जाऊन उपयोग नाही, आधी तिकडे फ्रीबीएसडीत ते यायला पाहिजे. बरं, सॉफ्टवेअर जर नुसतं कमांड लाइनचं असेल आणि वेबवर पान नकोच असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण मग मागणी फारच हलकी होते. ओपीएनसेन्सवाले नुसतं पोर्ट आपल्या रेपोत (पॅकेजच्या साठ्यात) बिल्ड करून ठेवायला प्लगइनपेक्षा बरेच लवकर तयार होतात.

एवढं झालं की टाकायचं कुठे. पीएफसेन्सचं काम रेडमाइन या टिकिटांच्या साइटवर चालतं, तिथे मूळ पीएफसेन्स आणि पीएफसेन्स पॅकेजेस असे दोन वेगळे प्रोजेक्ट आहेत, पॅकेजवाल्यात जा, ट्रॅकर फीचर ठेवा, बग ठेवू नका, नव्या पॅकेजसाठी कॅटेगरीही वेगळी आहे. ओपीएनसेन्सचं गिटहबवर, प्लगइन्स नावाच्या रेपोत, फीचर रिक्वेस्टचा साचा निवडून. तो साचा पुसून आपलं गद्य लिहू नका, खरंच. आणि दोन्हीकडे आधी शोध घ्या, बंद झालेल्या टिकिटांतसुद्धा, कारण बहुतेक वेळा कुणीतरी आधीच मागितलेलं असतं आणि नाही म्हणायचं कारणही तिथेच लिहिलेलं असतं. जुनं उघडं टिकीट सापडलं तर नवं काढू नका, त्यातच तुमची गरज लिहा. पण "प्लस वन" नको, त्याने फक्त सगळ्यांना मेल जातात.

लिहायचं काय ते एका खऱ्या उदाहरणावर दाखवतो. पीएफसेन्समध्ये वेळेसाठी एनटीपीडी येतं, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांपासून कंपन्यांना 180 दिवसांचे लॉग ठेवणं आणि सिस्टीमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवून ठेवणं आलंय, त्यामुळे वेळ हा विषय आता ऑडिटवाला पण काढतो. समजा तुम्हाला वेळ नुसती बरोबर नाही तर पडताळलेलीही हवीय, म्हणजे एनटीएस, वेळ खऱ्या सर्व्हरकडूनच आली हे तपासायची सोय. क्रोनी या एनटीपीडीसारख्याच प्रोग्राममध्ये ते 4.0 पासून, म्हणजे 2020 पासून आहे. तर मजकूर साधारण असा, साध्या इंग्रजीत टाकायचा, व्याकरण चुकलं तरी कुणी हसत नाही:

"शीर्षक: क्रोनीचं पॅकेज, एनटीएस क्लायंटसाठी. गरज: आमच्या साठ मशीनच्या ऑफिसात फायरवॉल हाच वेळेचा सर्व्हर आहे, वरच्या सर्व्हरकडून येणारी वेळ एनटीएसने पडताळायची आहे. सध्याची अडचण: सोबत येणाऱ्या एनटीपीडीत एनटीएस नाही. फ्रीबीएसडी पोर्ट: नेट विभागात क्रोनी, लायसन्स जीपीएल दोन. इतरत्र: ओपीएनसेन्समध्ये ओएस-क्रोनी नावाने प्लगइन आहे. किमान हवं ते: सर्व्हरची यादी, प्रत्येकापुढे एनटीएसचा चौकोन, लॅनला वेळ द्यायची की नाही, आणि स्थिती दाखवणारं एक पान. अडचणीची जागा: एनटीपीडी आणि क्रोनी दोघांनाही यूडीपी 123 लागतो, म्हणून एक चालू असताना दुसरं बंद राहायला हवं. चाचणी: इंटेल मशीनवर दर बिल्डला करून देईन."

यात बघा, "किमान हवं ते" ही ओळ सगळ्यात कामाची. मूळ सॉफ्टवेअरचे शंभर पर्याय वेबवर आणा म्हटलं की कुणी हात लावत नाही, चार चौकोन म्हटले की एखाद्या शनिवारी कुणीतरी बसतो. अडचणीची जागा तुम्हीच सांगितली की समोरच्याला कळतं हा माणूस विचार करून आलाय. आणि ओपीएनसेन्सचं प्लगइन आहे म्हणून पीएफसेन्समध्ये उचलून टाका असं मात्र लिहू नका, 2015 ला फाटा फुटल्यापासून दोघांची आतली रचना पार वेगळी झालीय, त्या दुव्याचा उपयोग फक्त पानं कशी दिसावीत हे दाखवायला. दोघांची तुलना करून टोमणे तर अजिबात नकोत, तिथे जुन्या जखमा आहेत.

स्वतः थोडं पीएचपी येत असेल तर मागणीपेक्षा पुल रिक्वेस्टला, म्हणजे स्वतः कोड लिहून पाठवण्याला, वजन जास्त. पीएफसेन्सची पॅकेजेस गिटहबवरच्या त्यांच्या फ्रीबीएसडी-पोर्ट्स रेपोत असतात, नाव पीएफसेन्स-पीकेजी ने सुरू होतं, आत मेकफाइल, वर्णन, फाइलींची यादी आणि वेबच्या पानांची एक्सएमएल असं असतं. साध्या फॉर्मसाठी एक्सएमएलवरच बरंच भागतं. बदल डेव्हेल शाखेवर पाठवायचा आणि त्याआधी त्यांचं कॉन्ट्रिब्युटर अ‍ॅग्रीमेंट भरायचं. शून्यातून सुरू करू नका, क्रॉनसारखं छोटं पॅकेज कॉपी करून बदलत जा. ओपीएनसेन्समध्ये प्लगइनचं नाव ओएस ने सुरू होतं आणि तिथे मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर असं नीट वाटलेलं आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये हॅलो वर्ल्ड प्लगइन पायरीपायरीने दिलंय, मला तरी शिकायला ते जास्त सोपं वाटलं.

आणि हो, उत्तर यायला वेळ लागतो. ओपीएनसेन्समध्ये 180 दिवस काहीच हालचाल नसली तर टिकीट आपोआप बंद होतं, तो अपमान नाही, बॉट आहे. मधल्या काळात लोक एक उद्योग करतात तो करू नका: फ्रीबीएसडीचा मूळ रेपो चालू करून पॅकेज सरळ इन्स्टॉल करणं. तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो. त्या एका पॅकेजसोबत दहा लायब्ररी नव्या व्हर्जनच्या येतात, त्यातली एखादी पीएफसेन्सच्या स्वतःच्या पीएचपीला लागणारी असते आणि वेबचं पानच उघडेनासं होतं, किंवा आज सगळं छान आणि पुढच्या अपग्रेडला बूटच होत नाही. मग रात्री कन्सोलला मॉनिटर जोडून बसायचं. त्यापेक्षा ते सॉफ्टवेअर आतल्या एखाद्या लिनक्स व्हीएमवर चालवा. वरच्या उदाहरणात क्रोनी तिथे ठेवून सगळ्या मशीनना वेळेसाठी त्याचाच पत्ता दिला की काम चालू.

पुढे कुणी खरंच बिल्ड तयार करून टिकिटात टाकलं तर गायब होऊ नका. चालत्या फायरवॉलवर नको, व्हीएमवर स्नॅपशॉट घेऊन टाका, सेटिंग करा, रीबूट करा, बॅकअप काढून नव्या व्हीएमवर रिस्टोअर करा, पॅकेज काढून परत टाका आणि सेटिंग टिकल्या का बघा, बहुतेक गडबड या शेवटच्या दोन पायऱ्यांतच निघते. मग व्हर्जन, आर्किटेक्चर आणि लॉगच्या नेमक्या ओळी टाका. स्क्रीनशॉट नको, मजकूर म्हणून टाका, म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडेल. लॉगमधले तुमचे पब्लिक आयपी आणि युजरनेम मात्र आधी पुसा, टिकीट सगळ्या जगाला दिसतं.