टर्मिनलवरून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढताना

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील पायएफेम ही खगोलगणिताची लायब्ररी (तयार कोडचा संच) पिप या साधनाने बसवली की कोणत्याही गावाच्या सूर्योदयाची वेळ टर्मिनलवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, एका ओळीच्या आज्ञेने मिळते. मात्र पहिले उत्तर बहुधा चुकते, आणि दोष लायब्ररीचा नसतो. अक्षांश-रेखांश अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यावेत (पुण्यासाठी १८.५२ आणि ७३.८६), कारण नुसती संख्या दिल्यास ती अंश न मानता रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) मानली जाते.

वेळा जागतिक प्रमाणवेळेत येतात, त्यामुळे त्यांत साडेपाच तास मिळवावे लागतात. खरी मेख याच्याही पुढे आहे: नुसती तारीख दिली, तर गणना त्या दिवसाच्या जागतिक मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून सुरू होते. पुण्यात याने काही बिघडत नाही. पण गोंदियात जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य साडेपाचच्या आधीच उगवत असल्याने ‘नेक्स्ट रायझिंग’ ही पुढचा सूर्योदय शोधणारी आज्ञा दुसऱ्या दिवसाचा सूर्योदय दाखवते. म्हणून आदल्या दिवशीची साडेअठराची जागतिक वेळ, अर्थात आपली मध्यरात्र, आरंभ म्हणून द्यावी.

छापील तक्त्यांशी मेळ हवा असेल, तर हवेचा दाब शून्य आणि क्षितिज उणे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठेवावे. अमेरिकन नौदल वेधशाळेची पद्धत हीच आहे. सूर्यबिंबाची वरची कड धरण्याऐवजी मध्य धरायचा असल्यास तसा पर्यायही आहे, आणि त्याने सूर्योदय मिनिटभराहून थोडा अधिक उशिरा येतो.