मुलाच्या दातांना तार लागेल का? आधी घरी एवढं तपासा

सात-आठ वर्षांच्या मुलाचे पुढचे दात फेंगडे दिसले की आईवडील घाबरतात. पण त्या वयात दात कसे दिसतात, यापेक्षा तोंड मिटल्यावर ते एकमेकांवर कसे बसतात, हे जास्त महत्त्वाचं. वाकडा दात चार वर्षांनीही सरळ करता येतो. जबड्याची वाढ मात्र थांबून राहत नाही.

तपासणी दिवसाउजेडी करा. मुलाला खुर्चीत ताठ बसवा. नुसतं ‘दात दाखव’ म्हटलं की मुलं खालचा जबडा पुढे काढतात आणि सगळं चुकीचं दिसतं. म्हणून जिभेचं टोक टाळूला मागे लावायला सांगा, आवंढा गिळायला लावा आणि तसंच मागच्या दाढांवर दाढा टेकवायला सांगा. आता चमच्याच्या दांड्याने गाल हलकेच बाजूला करून पाहा.

वरच्या दाढा खालच्या दाढांच्या किंचित बाहेर हव्यात, डब्याचं झाकण डब्याच्या बाहेरून बसतं तशा. एखाद्या बाजूला वरची दाढ आत आणि खालची बाहेर असेल, तर तोंड उघडून सावकाश मिटायला सांगा आणि हनुवटीकडे लक्ष ठेवा. दात टेकताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता मोठी. मूल रोज असं तिरकं चावत राहिलं तर जबडा तसाच वाढू शकतो. इथे वाट पाहू नका. लहान वयात टाळूचे दोन भाग पूर्ण जुळलेले नसतात, त्यामुळे जबडा रुंद करणं सोपं जातं.

पुढचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, तरीही लगेच दाखवा. खालच्या एखाद्या दाताची हिरडी खाली सरकलीय का, तेही पाहा. दोष वरच्या जबड्याची वाढ कमी पडल्याचा असेल, तर तो जबडा पुढे ओढणारं उपकरण साधारण दहाव्या वर्षाच्या आत जास्त उपयोगी पडतं.

दात पुढे आले असतील तर मोजा. पट्टीचं टोक खालच्या पटाशीच्या दाताला समोरून टेकवा, पट्टी आडवी धरा आणि वरच्या दाताची कड कुठे येते ते वाचा. कंपासपेटीतल्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, ती मिळवायला विसरू नका, नाहीतर आकडा कमी येईल. 2 ते 3 मिलिमीटर अंतर चांगलं. 6 च्या वर गेलं आणि ओठ सहज मिटत नसतील, तर पडल्यावर दात तुटण्याचा धोका वाढतो. खालचा जबडा मागे असल्यास तो पुढे आणणारी काढघालीची उपकरणं मात्र वाढीच्या झपाट्यात, मुलींना साधारण 10 ते 12 आणि मुलांना 12 ते 14 या वयात, चांगली लागू पडतात. दाढा टेकल्यावर पुढचे वरचे दात खालच्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकतात, तेवढं ठीक. खालचे दात टाळूला रुतत असतील आणि तिथे खुणा उमटत असतील, तर दाखवायलाच हवं.

दाढा टेकल्यावरही पुढे फट राहते? आधी अंगठा चोखणं आणि तोंडाने श्वास घेणं पाहा. पटाशीचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येतात, त्याआधी सवय सुटलेली बरी. मूल घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

काही गोष्टी मात्र वाढीचा भाग असतात. वरच्या दोन दातांमधली फट 7 ते 11 या वयात बऱ्याच मुलांना असते आणि सुळे उतरले की ती बहुधा मिटते. खालचा नवा दात दुधाच्या दातामागून उगवला, तर थोडे महिने थांबा. पुढचा दुधाचा दात तरीही हलत नसेल तर तो काढून घ्या.

सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे येणारी दाढ कायमची असते. ती दुधाची समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतं, आणि ही फार महागात पडणारी चूक आहे. दुधाची दाढ लवकर काढावी लागली, तर ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. म्हणून दाढ काढतानाच जागा राखणाऱ्या पट्टीबद्दल विचारा.

दहाव्या वर्षी दुधाच्या वरच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे उंचवटा लागायला हवा. एकाच बाजूला लागत असेल तर एक्स-रे काढा, कारण आडवा अडकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो. वेळीच कळलं तर कधीकधी नुसता दुधाचा सुळा काढल्यानेही तो मार्गाला लागतो.

पहिली तपासणी सातव्या वर्षी, ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (दात-जबडे सरळ करण्याच्या शाखेत) एम.डी.एस. झालेल्या डॉक्टरांकडे करा. मुंबई आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. डॉक्टरांनी तार सुचवली, तर एवढं विचारा: ‘आत्ता न करता बाराव्या वर्षापर्यंत थांबलो, तर नेमकं काय बिघडेल?’ उत्तरात जबड्याची वाढ, हिरडी किंवा अडकलेला दात आला तर उपचार सुरू करा. नुसतं ‘दिसायला बरं’ एवढंच असेल, तर दर सहा महिन्यांनी दाखवत राहा आणि दर वेळी समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.